मापात न बसलेली सोनसाखळी

इंदूरच्या सराफ्यातून मूल रात्री घरी परततं ते खाण्याच्या आठवणी घेऊन. भुट्ट्याचा कीस, थंडीतला गराडू, खोबऱ्याचं पॅटिस, ताटलीएवढा जिलेबा. गर्दीत हात सुटू नये म्हणून आईने मनगट आवळून धरलेलं, दुसऱ्या हातात द्रोण आणि पाठ टेकायला कुठल्या तरी दुकानाचा ओटा. तो ओटा कुणाचा, हे मात्र मुलांच्या ध्यानात येत नाही. मान जरा वर केली की बंद शटरवर सोन्याचांदीच्या पेढीची पाटी दिसते. दिवसभर इथे तोळ्या-माशाचा हिशेब चालतो. रात्री दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांवर कढया चढतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत गल्ली जागी असते. गल्ली जागी राहिली की चोर फिरकत नाही, म्हणून सराफांनीच खाऊवाल्यांना बसू दिलं, असं जुनी माणसं सांगतात.

रात्रीच्या सराफ्याचं कौतुक सगळीकडे होतं. मला आज दिवसाच्या सराफ्यात घेऊन जायचं आहे. ज्यांना सोनार आपले संत मानतात त्या नरहरी महाराजांची गोष्ट सांगायची, तर ती इथे, तराजूच्या शेजारी बसून सांगितलेली बरी. कारण ही सगळी गोष्ट मापाची आहे.

आधी सराफ म्हणजे कोण ते पाहू. शब्द अरबीतून आला. नाणी पारखून बदलून देणारा तो सराफ. एके काळी प्रत्येक राज्याचा रुपया वेगळा असे. अहिल्याबाई होळकरांच्या महेश्वरच्या टांकसाळीतल्या रुपयावर शिवलिंग आणि बेलाचं पान उमटवलेलं असे. बाहेरगावचा व्यापारी आपल्या मुलखातले रुपये घेऊन आला की त्यात चांदी खरी किती, हे कुणीतरी सांगायला हवं. सराफ नाणं दगडावर वाजवून बघे, तोलून बघे आणि मग मोल सांगे. सोनार वेगळा. सोनार घडवतो, सराफ पारखतो आणि विकतो. दोघांची दुकानं शेजारी-शेजारी आली की बाजार होतो, आणि इंदूरचा हा बाजार राजवाड्याच्या पाठीशीच वसला.

तुमची आणि सोनाराची पहिली गाठ बहुतेक तुम्हाला आठवत नसेल, कारण ती कान टोचताना पडली. पाळण्यातलं बाळ, त्याला मांडीवर घेऊन बसलेली आजी, सोनाराच्या हातात बारीक सोन्याची तार. एक क्षण टोचतं, बाळ टाहो फोडतं आणि काम झालेलं असतं. म्हणून आपल्याकडे म्हणतात, सोनारानेच कान टोचावेत. समजावून सांगायचं तर ज्याला ते काम येतं त्यानेच समजवावं, म्हणजे दुखत नाही. ही म्हण लक्षात ठेवा. पुढे ती उलटी होणार आहे.

आता गुंज. लालचुटुक बी, डोक्यावर काळा ठिपका. वेलीवर शेंगेत येते आणि दिसायला इतकी गोड की तोंडात घालावीशी वाटते. पण घालायची नाही, ती विषारी असते. या बियांचं वजन साधारण सारखं भरतं, म्हणून जुन्या सोनारांचं सगळ्यात लहान वजन म्हणजे गुंज. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. म्हणजे एका तोळ्यात शहाण्णव गुंजा. आजच्या हिशेबाने जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. त्यामुळे एक गुंज भरते जेमतेम ०.१२ ग्रॅम. (हल्ली बाजारात बोलताना दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात, तो हा नव्हे.) विचार करा, ज्या धंद्यात बीएवढ्या वजनावरून खरं-खोटं ठरतं, त्या धंद्यातल्या माणसाला ‘तुझं माप चुकलं’ हे ऐकून काय वाटत असेल.

नेमकं तेच नरहरी सोनारांना ऐकावं लागलं.

ते पंढरपूरचे. ज्ञानेश्वर आणि नामदेव यांच्या काळातले, म्हणजे सातशे वर्षांपेक्षाही आधीचे. घराणं सोनाराचं आणि भक्ती शंकराची. पंढरपुरात मल्लिकार्जुनाचं देऊळ आहे, तिथे रोज जावं, पिंडीवर बेल वाहावा, भस्म लावावं आणि मग दुकान उघडावं, असा त्यांचा नेम. पंढरपुरात राहायचं आणि विठोबाच्या देवळात जायचं नाही, हाही नेमच. त्या काळी शंकराचे भक्त आणि विष्णूचे भक्त यांच्यात अशी तेढ असे. मोठा देव कुणाचा, यावरून माणसं एकमेकांच्या देवळाची पायरी चढत नसत. नरहरींचा नेम तर इतका कडक की विठोबाचं दर्शन सोडाच, त्याच्या देवळाचा कळससुद्धा डोळ्यांत शिरू नये म्हणून ते मान खाली घालून चालत, असं गोष्ट सांगणारे सांगतात. सगळं गाव विठ्ठल विठ्ठल म्हणतंय, चंद्रभागेच्या वाळवंटात टाळ वाजतायत आणि हा एक माणूस आपल्या ऐरणीपाशी शिवाचं नाव घेत बसलेला.

त्याच गावात एक सावकार होता. त्याला मूल नव्हतं. त्याने विठोबाला नवस केला की मुलगा झाला तर तुझ्या कमरेला सोन्याची साखळी घालीन. मुलगा झाला. आता साखळी घडवायची, तर पंढरपुरात नरहरींसारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. सावकार त्यांच्या दुकानी आला.

“नरहरीशेठ, विठोबाच्या कमरेला सोनसाखळी करायचीय. चला, देवळात येऊन माप घ्या.”

नरहरी म्हणाले, “सोनं आणा, घडवून देतो. पण मी त्या देवळात येणार नाही. माप तुम्हीच आणा.”

सावकाराने सूत घेतलं. विठोबाची मूर्ती तुम्ही पाहिली आहे, निदान चित्रात. दोन्ही हात कमरेवर ठेवून विटेवर उभी. त्या हातांच्या मागून-खालून सूत फिरवायचं, जिथे दोन टोकं भेटतील तिथे गाठ मारायची. सावकाराने तसं केलं आणि सूत नरहरींना आणून दिलं. नरहरींनी सूत ऐरणीवर ताणलं, कड्यांचा हिशेब केला आणि साखळी घडवली.

सावकार ती घेऊन वाजतगाजत देवळात गेला. पुजाऱ्यांनी ती देवाच्या कमरेला लावली, तर चार बोटं आखूड!

परत दुकानात. नरहरींनी सूत काढून साखळीला लावून पाहिलं. माप बरोबर. पण गिऱ्हाईक म्हणतंय आखूड, तर आखूड. त्यांनी चार बोटांच्या कड्या वाढवल्या. सावकार पुन्हा देवळात गेला. आता साखळी चार बोटं सैल! घसरून खाली येते. पुन्हा दुकान, पुन्हा कड्या काढल्या, पुन्हा आखूड. असं किती वेळा झालं ते सांगणारा सांगेल तितकं, पण प्रत्येक फेरीला दोन माणसांचा धीर सुटत होता. सावकाराचा, कारण नवस अडलाय. आणि नरहरींचा, कारण आयुष्यात त्यांचं माप कधी चुकलं नव्हतं.

शेवटी सावकार हात जोडून म्हणाला, “एकदा स्वतः चला. तुमच्या हाताने माप घ्या.”

नरहरींनी विचार केला. मग एक फडकं घेतलं, डोळ्यांवर घट्ट बांधलं आणि म्हणाले, “आता माझा हात धरून न्या.”

मुलांनो, आंधळी कोशिंबीर खेळताना डोळ्यांवर रुमाल बांधला की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. कान मोठे होतात, बोटं शहाणी होतात. आणि हा तर सोनार. बारीक तारेतली गाठ ज्याला न बघता लागते, त्याची बोटं. नरहरी गाभाऱ्यात उभे राहिले, पुढे झाले आणि माप घ्यायला मूर्तीच्या कमरेला हात लावला. हाताला वाघाचं कातडं लागलं. ते थबकले. हात वर गेला. गळ्याशी साप. आणखी वर. जटा. एक तोंड नाही, पाच तोंडं. हात मोजले तर दहा. हा तर माझा महादेव! आनंदाने त्यांनी डोळ्यांवरची पट्टी ओढून काढली.

समोर विठोबा. कमरेवर हात, विटेवर पाय.

पट्टी पुन्हा बांधली. हाताला पुन्हा जटा, पुन्हा साप. पट्टी काढली, पुन्हा विठोबा. मग नरहरी पट्टी बांधायचे थांबले. त्यांना उमजलं की ज्याला आपण टाळत होतो आणि ज्याला आपण पूजत होतो तो एकच आहे. त्यांनी पायांवर डोकं ठेवलं. उघड्या डोळ्यांनी माप घेऊन घडवलेली साखळी मग देवाच्या कमरेला बरोबर बसली.

इथे ती म्हण उलटते. सोनाराचेच कान टोचले गेले, आणि टोचणारा त्याच्या धंद्यातलं नेमकं मर्म जाणणारा होता. नरहरींशी कुणी वाद घातला असता, तर त्यांनी दहा उत्तरं दिली असती. पोथ्या दाखवल्या असत्या, तर त्यांनी दुसऱ्या पोथ्या दाखवल्या असत्या. पण चार बोटांच्या फरकाला सोनार काय उत्तर देणार? माप चुकलं की त्याला उठून जावंच लागतं. या गोष्टीत मला सगळ्यात आवडते ती ही जागा. तिथे चमत्कार आहे, पण त्याआधी एका कारागिराचा आपल्या कामाबद्दलचा अभिमान आहे. कामाशी तो इतका प्रामाणिक नसता, तर ‘बसेल तशी बसू दे’ म्हणून मोकळा झाला असता आणि ही गोष्ट घडलीच नसती.

आणखी एक गोष्ट नीट लक्षात घ्या. नरहरींनी शंकराला सोडून विठोबाला धरलं, असं इथे घडत नाही. त्यांना विठोबात शंकरच सापडला. वारकऱ्यांची श्रद्धाही तशीच आहे. पंढरपूरच्या विठोबाच्या माथ्यावर शिवलिंग आहे, असं वारकरी मानतात. म्हणजे विष्णू शिवाला डोक्यावर घेऊन उभा आहे. हरी आणि हर. दोन शब्दांत एका वेलांटीचा तेवढा फरक.

तुमच्यातला एखादा चौकस मुलगा किंवा मुलगी विचारेल, हे खरंच घडलं का? प्रश्न चांगला आहे. ही दंतकथा आहे, म्हणजे लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडाने सांगत जपलेली कथा. संतांच्या अशा गोष्टी ताहराबादच्या महिपतींनी गोळा केल्या आणि ‘भक्तविजय’ या ग्रंथात ओवीबद्ध केल्या. तो ग्रंथ १७६२ साली पुरा झाला. नरहरी आणि महिपती यांच्यात चारशेहून जास्त वर्षांचं अंतर आहे. इतक्या वर्षांत कथेला नवे मणी ओवले जातात. पण नरहरी सोनार नावाचे संत होते आणि ते खरोखर सोनार होते, हे त्यांच्या अभंगांतून कळतं. कारण त्यांचा एक अभंग दुसऱ्या कुणाला सुचलाच नसता.

त्या अभंगात ते स्वतःच्या अंगालाच सोनाराचं दुकान करतात. शरीर म्हणजे बागेसरी, सोनाराची छोटी शेगडी. सत्त्व, रज आणि तम या तीन गुणांची मूस. फुंकणी जीव आणि शिव यांची. हातोडा विवेकाचा, त्याने राग आणि हाव कुटून चूर करायची. कातर मन आणि बुद्धी यांची. शेवटी हातात तराजू ज्ञानाचा, आणि त्यात तोलायचं काय, तर रामाच्या नावाची दोन अक्षरं.

ही हत्यारं पाहिल्याशिवाय त्या अभंगाची गोडी कळत नाही. आणि ती पाहायला सराफ्याच्या आतल्या गल्लीत, चढत्या जिन्यांच्या छोट्या खोल्यांत जावं लागतं. मी एकदा अशा खोलीत तासभर बसून होतो. चारपाच कारागीर ठेंगण्या मेजांपाशी मांडी घालून बसलेले. त्यातल्या एकाला बांगडीची दोन टोकं जोडायची होती. त्याने सांध्यावर पाण्यात कालवलेला टाकणखार लावला, त्यावर डाक म्हणजे जोडायच्या धातूचा कण ठेवला, तांदळाच्या कणीच्या निम्मासुद्धा नाही. मग फुंकणी ओठांत धरून दिव्याच्या ज्योतीतून फुंकर सोडली. ज्योत आडवी झाली, बारीक निळी सुई झाली. त्याचे गाल फुगलेले होते आणि फुंकर तुटत नव्हती. तो नाकाने श्वास घेत होता आणि त्याच वेळी गालांतली हवा तोंडाने बाहेर ढकलत होता. करून बघा, सहज जमत नाही. टाकणखार आधी पांढरा फुगला, मग काचेसारखा वितळून सपाट झाला, आणि एकदम तो कण पाण्यासारखा सांध्यात पळाला. त्या क्षणाला त्याने फुंकर थांबवली. निमिषभर उशीर झाला असता तर बांगडीच विरघळली असती. जीव आणि शिव यांची फुंकणी असं नरहरी का म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं. श्वास आत आणि श्वास बाहेर, दोन्ही एकाच वेळी चालू.

मूस म्हणजे सोनं वितळवायची मातीची वाटी. सोनं १०६४ अंश सेल्सियसला वितळतं, तिथपर्यंत तडकणार नाही अशी ती वाटी हवी. ‘एका मुशीतले’ हा शब्दप्रयोग इथूनच आला. जंतर म्हणजे भोकं पाडलेली पोलादी पट्टी. प्रत्येक भोक आधीच्याहून जरा लहान. सोन्याची जाड तार एकेका भोकातून ओढत नेली की केसासारखी बारीक होते. सोन्याइतकं सोशिक काही नाही. एक ग्रॅम सोनं ठोकत गेलं तर जवळजवळ एक चौरस मीटरचा वर्ख होतो, फाटत नाही. आणि कसोटी म्हणजे काळा गुळगुळीत दगड. त्यावर सोनं घासलं की पिवळी रेघ उमटते, त्या रेघेचा रंग पाहून पारखी कस सांगतो. आता त्याच्या जोडीला यंत्रं आली आणि दागिन्यावर हॉलमार्कचा शिक्का आला. २२ कॅरेटच्या दागिन्यावर ९१६ हा आकडा असतो. हजार भागांत ९१६ भाग सोनं, असा त्याचा अर्थ. आईच्या बांगडीच्या आतल्या बाजूला भिंग लावून शोधा.

दिवस संपला की त्या खोलीतली जमीन झाडतात, पण कचरा फेकत नाहीत. कानशीने घासताना उडालेला सोन्याचा भुगा त्यात असतो. ती धूळ विकत घेऊन, धुऊन, त्यातून सोनं काढणाऱ्यांना आपल्याकडे झारेकरी म्हणतात, हिंदीत न्यारिया. गल्लीतली माती गाळून पोट भरणारी ही माणसं. सोनं निवडायला डोळा लागतो तसा धीरही लागतो.

जगात इतर ठिकाणच्या सोनारांनाही त्यांचे संत आहेत. युरोपातल्या सोनारांचे संत म्हणजे सेंट एलॉय, लॅटिन नाव एलिजियस. ते नरहरींच्याही सहाशे वर्षं आधीचे. सुमारे ५८८ साली आजच्या फ्रान्समधल्या लिमोज गावाजवळ जन्मले आणि सोनारकाम शिकले. त्यांचीही दंतकथा मापाचीच आहे! राजा क्लोथारने त्यांना सोनं आणि रत्नं दिली आणि एक सिंहासन करायला सांगितलं. एलॉयनी ते करून दाखवलं. राजा खूश झाला. तेव्हा एलॉयनी कापड दूर सारून दुसरं सिंहासन दाखवलं. एका सिंहासनाला म्हणून दिलेल्या सोन्यात त्यांनी दोन घडवली होती, कारण तुकडासुद्धा इकडेतिकडे होऊ दिला नव्हता. सोनार थोडं मारतोच, असं तिथल्या लोकांनाही वाटत असणार. नाहीतर ही गोष्ट सातव्या शतकापासून आजवर कुणी कशाला सांगितली असती? एलॉय पुढे राजाच्या टांकसाळीचे प्रमुख झाले आणि ६४१ साली नुआयाँ इथले बिशप झाले. त्यांचा सण १ डिसेंबरला असतो. ते लोहारांचे आणि घोड्यांचेही संत, म्हणून काही गावांत त्या सुमाराला घोड्यांना सजवून चर्चच्या दाराशी आशीर्वादाला नेतात.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पेट्रुस क्रिस्टुस या चित्रकाराचं १४४९ सालचं एक चित्र आहे. सोनार दुकानात बसलाय, हातात छोटा तराजू, अंगठी तोलतोय, बाजूला लग्न ठरलेलं जोडपं. पुष्कळ काळ लोक हे सेंट एलॉयचंच चित्र समजत. त्यातला सोनार, तराजू, वजनं सगळं बघण्यासारखं आहे, पण माझी नजर दर वेळी पुढच्या फळीवर जाते. तिथे नवरीचा कमरपट्टा पसरून ठेवलेला आहे. पंढरपूरपासून हजारो मैलांवर, सोनाराच्या पुढ्यात तीच कमरेची वस्तू.

आता सणाविषयी. संतांची आठवण बहुधा त्यांच्या पुण्यतिथीला करतात, म्हणजे त्यांनी देह ठेवला त्या तिथीला. जन्मताना कुणीच संत नसतं, आयुष्य पुरं झाल्यावर कळतं, म्हणून तो दिवस मोठा. ख्रिस्ती लोकांतही तसंच आहे. एलॉय १ डिसेंबरलाच वारले. नरहरी महाराजांची पुण्यतिथी माघ वद्य तृतीयेला असते. पंढरपुरात आणि जिथे जिथे सोनार समाज आहे तिथे त्या दिवशी सकाळी अभिषेक होतो, अभंग म्हणतात, कीर्तन होतं, टाळ-मृदंगाच्या गजरात पालखी निघते, फुलं उधळतात आणि मग सगळ्यांची पंगत बसते. मुलांना कीर्तन लांबलचक वाटतं, पण या दिवशीच्या कीर्तनात ती पुढे सरकून बसतात, कारण साखळीची गोष्ट येणार हे ठरलेलं असतं. मी लहान असताना एका कीर्तनकारबुवांनी खांद्यावरचं उपरणं काढून स्वतःच्या डोळ्यांना बांधलं होतं आणि हवेत हात फिरवत जटा, साप, पाच तोंडं चाचपली होती. मागे पेटीवाला एकच सूर धरून होता. बुवांनी उपरणं ओढलं आणि सगळा मांडव ‘विठ्ठल’ म्हणून उठला. आजही ती गोष्ट सांगताना माझे हात आपोआप तसे फिरतात.

ही तिथी कुठे पडते तेही पाहण्यासारखं आहे. माघ शुद्ध एकादशीला पंढरपूरची माघी वारी भरते, तो विठोबाचा दिवस. माघ वद्य चतुर्दशीला महाशिवरात्र, ती शंकराची रात्र. नरहरींची तृतीया या दोहोंच्या मध्ये आहे. एकादशीनंतर सात तिथी, आणि तिच्यानंतर अकरा तिथींनी शिवरात्र.

इंदुरात विठोबाच्या दर्शनाला पंढरपूर गाठावं लागत नाही. राजवाड्यापासून जवळच पंढरीनाथाचं देऊळ आहे, त्याच्यावरून त्या सगळ्या भागालाच पंढरीनाथ म्हणतात. सराफ्यातून निघालेला माणूस पायी तिथे पोचतो. होळकरांचं कुलदैवत मल्हारी मार्तंड म्हणजे खंडोबा, तो शंकराचा अवतार, आणि त्याचं देवघर राजवाड्यात. अहिल्याबाई स्वतः शिवभक्त, राजाज्ञेवरसुद्धा शंकराचं नाव घालणाऱ्या. काशी विश्वनाथाचं देऊळ त्यांनीच १७८० साली पुन्हा उभं केलं, आणि गयेचं विष्णुपदाचं देऊळही त्यांनीच बांधलं. एका हाताने शिव आणि दुसऱ्या हाताने विष्णू. नरहरींच्या बोटांनी जे ओळखलं ते या बाईंनी दगडात करून ठेवलं. सराफ्यातले सगळेच कारागीर नरहरींना मानतात असं मात्र नाही. खोल्यांमध्ये आज बंगालहून आलेले कारागीरही पुष्कळ आहेत. ते सप्टेंबरमध्ये विश्वकर्मापूजा करतात, हत्यारं धुऊनपुसून मांडतात आणि त्या दिवशी हातोडी उचलत नाहीत. हत्याराला नमस्कार करायची रीत सगळ्यांची सारखीच.

आता शेवटचं काम तुमच्यासाठी. इंदूरच्या मराठी घरात बहुतेक दोन पंचांगं टांगलेली असतात, एक मराठी आणि एक हिंदी. मराठीत महिना अमावास्येला संपतो, हिंदीत पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षात दोघांचं जमतं आणि वद्य पक्ष आला की महिन्याचं नावच बदलतं. अहिल्याबाई गेल्या १३ ऑगस्ट १७९५ रोजी, ती तिथी मराठीत श्रावण वद्य चतुर्दशी आणि हिंदीत भाद्रपद कृष्ण चतुर्दशी. म्हणून इंदुरात अहिल्योत्सवाची पालखी निघते तेव्हा शेजारी भादों म्हणत असतात आणि आजी श्रावण म्हणत असते. आपल्या नरहरी महाराजांचंही तसंच. पुढच्या फेब्रुवारीच्या आसपास स्टूल ओढून भिंतीपाशी उभे राहा. मराठी पंचांगात माघ वद्य तृतीया शोधा आणि तिच्यावर एक बोट ठेवा. हिंदी पंचांगात ती माघात सापडणार नाही, फाल्गुन कृष्ण तृतीया शोधावी लागेल. तिच्यावर दुसरं बोट ठेवा, आणि मग दोन्ही बोटांखालची तारीख वाचा.